विनयाच्या कर्सरचा माग

फोन आला तेव्हा मी हर्ण्याला होतो. एका बोटवाल्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, मांडव घरामागच्या वाडीत घातला होता आणि वारा फिरला की सुक्या मासळीचा वास थेट नवरीच्या खुर्चीपर्यंत येत होता. अंगठी बोटात जाणार एवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. कॅमेरा हातात असताना मी फोन घेत नाही हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. शेवटी डाव्या हाताने कानाला लावला. संदेश बोलत होता, विनयाचा नवरा. सकाळी कपडे वाळत घालताना ती खाली बसली, डोकं दुखतंय म्हणाली, डोक्यातली नस फुटली होती, रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं… असं काहीतरी तो सांगत होता. मी म्हणालो, "बरं." एवढंच. फोन खिशात टाकला आणि अंगठीचा शॉट पुरा केला. मग पेढा भरवतानाचा, मग दोन्ही विहिणींचा. नंतर ते सगळं चित्रण मी पाहिलं. कॅमेरा कुठेही हललेला नाही. तो हलायला हवा होता, असं मला आजही वाटतं. हर्ण्याहून निघून रस्ता तुडवत तिच्या गावात पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून आंघोळीला परतत होती. तिचं शेवटचं दर्शन मला झालंच नाही.

विनया माझी भागीदार. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकापासून जरा आत, एका बेकरीच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, त्यातली एक हिरव्या पडद्याची, आणि दिवसभर खालून येणारा भाजक्या पावाचा वास. लग्नं, मुंजी, दुकानांच्या जाहिराती, आंबेवाल्यांच्या पेट्यांचे व्हिडिओ, निवडणुकीत उमेदवारांची हात जोडलेली छायाचित्रं… सगळं करतो. मी चित्रण करायचो आणि ती चित्रं हलवायची. तिचं माहेर राजापूरचं. लग्नाआधी मुंबईत एका वाहिनीत ग्राफिक्सच्या खोलीत ती काही वर्षं काम करत होती. मग लग्न झालं पालीच्या पुढे आत असलेल्या एका गावात, आणि नवरा मुंबईला नोकरीत. लोक मुंबईला जातात, ही मुंबईहून आली आणि नवरा तिकडे राहिला. सासू, सासरे, मुलगी, गोठ्यात एक म्हैस, आणि रोज एसटीने रत्नागिरी. लोक तिला विचारायचे, "तुम्ही कार्टून बनवता ना?" ती म्हणायची, "हो, आणि आमच्या ह्या दादांचं चित्रण बघून लोक हसतात ते वेगळं." माझ्यापेक्षा ती बरीच लहान, पण माझी थट्टा करायची एकही संधी तिने कधी सोडली नाही.

तिचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे माग. वाचकांना हे जरा सांगावं लागेल, कारण मलाच ते समजायला फार वेळ लागला. पडद्यावर आपण एक वस्तू ठेवतो, समजा एक होडी. ही होडी म्हणजे एक थर, लेयर. आता तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची. सुरुवात कुठे, वळण कुठे, थांबायचं कुठे, या जागा आपण खुणा करून देतो आणि मधलं अंतर संगणक भरतो. होडी गेली. पण पाहणाऱ्याला ती कुठून आली हे लक्षात राहत नाही, म्हणून तिच्या मागे एक रेघ हवी, फेसासारखी. बाकीचे लोक त्याला ट्रेल म्हणतात, विनया माग म्हणायची. गावात रात्री रानडुकरं येऊन गेली की सकाळी माणसं शेतात माग बघतात, तो शब्द. ही रेघ काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत होडीच्या बारीक बारीक प्रती करायच्या आणि प्रत्येकीने पुढचीला विचारायचं, मघाशी तू कुठे होतीस? आणि तिथे जाऊन उभं राहायचं. दुसरीत होडी जिथून जिथून गेली त्या सगळ्या जागा उचलून त्यांचाच एक सलग मार्ग करायचा, आणि तो मार्ग हळूहळू रंगवत न्यायचा. विनयाला दुसरी आवडायची. पहिलीत नुसता भास होतो, दुसरीत खरी वाट हातात येते, असं तिचं म्हणणं.

या वाटेपायी एकदा अख्खं एक घर आमच्या स्टुडिओवर चालून आलं होतं. झालं असं, की विनयाच्या सासरच्याच गावच्या मुंबई मंडळाला शिमग्याची एक छोटी फिल्म हवी होती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कोणत्या घरी आधी, कोणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, किती थांबायचं, कुठल्या वळणावर नाचवायची, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यावर भांडणंही ठरलेली असतात. मंडळाला वरून ड्रोनने घेतलेलं गावाचं चित्र हवं होतं, त्यावर छोटी पालखी चालणार आणि तिच्यामागे गुलालाच्या रंगाची रेघ उमटत जाणार. विनयाने पालखी चालवली. पण चाल जरा अडखळत होती, म्हणून तिने मधल्या काही खुणा काढून टाकल्या आणि वळणं गोल करून घेतली. आता पालखी कशी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती. मंडळाच्या सेक्रेटरींनी मुंबईत बसून फिल्म पास केली, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळंच गोड दिसतं. मग ती गावच्या ग्रुपवर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना. म्हातारी खुर्चीवर बसलीच नाही. "विनया, ह्यां काय केलंस गो तू?" म्हणाली. "पालखी आमच्या खळ्यात नाय इली!" विनयाने फिल्म लावली. खरंच, ते घर अगदी टोकाच्या वळणावर, आणि वळण गोल केल्यामुळे गुलालाची रेघ खळ्याच्या बाहेरून, माडांवरून, निघून गेली होती. शहरातल्या एखाद्या कंपनीत कोणाला कळलंही नसतं. मी म्हातारीला समजवायला गेलो, की आजी, हे नुसतं चित्र आहे, खरी पालखी तर आली ना तुमच्याकडे? ती माझ्याकडे न बघता विनयाला म्हणाली, "ह्येला सांग, खरी पालखी एक दिस येते. ह्यां लोक वरीसभर बघतील." विनया उठली आणि म्हातारीच्या पाया पडली. पुढच्या रविवारी तिने फोन हातात धरून, त्यात नोंदवत, पालखीची सगळी वाट पायाखाली घातली, दगडी गडग्यांवरून, बांधांवरून, कातळावरून, प्रत्येक खळ्यात जाऊन. मग नवीन रेघ काढली. ती रेघ कोपऱ्याकोपऱ्यावर ठेचकाळत जायची, बघायला अगदी ओबडधोबड. सेक्रेटरींना आवडली नाही. गावात मात्र लोकांनी ती लहान मुलाच्या पहिल्या पावलांसारखी पुन्हा पुन्हा पाहिली. तेव्हापासून ती कुठलीही वाट गोल करण्याआधी विचारायची, "दादा, ह्या वळणावर कोणाचां घर नाय ना?" दुकानाच्या जाहिरातीत उडणाऱ्या फुलपाखराच्या बाबतीतसुद्धा.

मला हे सगळं शिकवायचा तिने चंगच बांधला होता. तिचं म्हणणं, ती रजेवर असली तर मला निदान एक रेघ काढता आली पाहिजे. मी शिकायचो आणि विसरायचो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कंटाळून तिने वेगळा मार्ग काढला. दुपार कलली की, संध्याकाळची गिऱ्हाइकं यायच्या आत, ती काम करता करता स्वतःच्या पडद्याचंच रेकॉर्डिंग करायची आणि बरोबर बोलत जायची. म्हणजे चित्रात तिचा पडदा, त्यावर फिरणारा कर्सरचा पांढरा बाण, आणि मागे तिचा आवाज. असे बरेच धडे तिने माझ्यासाठी करून ठेवले. मी त्यातले काही पाहिले, एक धूमकेतू करून बघितला, त्याचा माग त्याच्या पुढे पळायला लागला, आणि तिला दोन दिवस हसायला पुरला.

दिवसकार्याला मी गेलो. खळ्यात ताडपत्री घातली होती, माणसं बसली होती, कोणीतरी मला चहा दिला आणि तो मी घेतला. सगळं मला दिसत होतं आणि काहीच आत जात नव्हतं, काचेपलीकडून बघावं तसं. संदेश शेजारी येऊन बसला. मुंबईहून आल्यापासून त्याचे कपडे बदललेले दिसत नव्हते. जरा वेळाने म्हणाला, "दादा, तुमच्याकडे तिचा काय व्हिडिओ असला तर बघा. आमच्याकडे नुसते फोटो हायत. ऋतुजाला पुढेमागे बघायला होईल." ऋतुजा म्हणजे त्यांची मुलगी, नववीत आहे. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती, तिने ऐकलं. "मला नको," ती म्हणाली. संदेश म्हणाला, "असां बोलू नये बाय." तेव्हा ती माझ्याकडे वळून बोलली, अगदी शांतपणे, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. "मी फोन केला की म्हणायची, निघतेच हाय. साडेपाचच्या यष्टीला येते. आणि यष्टी रिकामी यायची. आजी म्हणायची, तुझ्या आयशीला तिकडेच बरां वाटतां. तां खरांच होतां. तिला तिकडेच बरां वाटायचां." आजी आत स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

मला बोलता आलं असतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, दिवसभर ते स्वतःच्या धंद्यात असतं. शेवटचं काम रेंडरला लावल्याशिवाय, म्हणजे तयार व्हिडिओ संगणकाकडून शिजवून घ्यायला ठेवल्याशिवाय, उठता येत नाही, आणि ते शिजणं मधेच अडकलं तर सकाळी माणूस दारात उभा. साडेपाचची गेली की पुढची एसटी अंधार पडल्यावर. हे सगळं मी सांगू शकलो असतो. पण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या मुलीला आई गेल्यावर रेंडर काय समजावणार? आणि खरं म्हणजे मला तेव्हा काही सांगावंसंच वाटत नव्हतं. मी म्हणालो, "बघतो संदेश, काही असलं तर." आणि निघालो.

बघितलं. आमच्याकडे अख्ख्या जिल्ह्याची लग्नं आहेत. राजापूरच्या वराती आहेत, केळशीच्या बागेतली बारशी आहेत, माणसं नाचताहेत, रडताहेत, जेवताहेत, कानात सांगताहेत. त्यात विनया नाही. दुसऱ्यांचे व्हिडिओ करणारी माणसं व्हिडिओत नसतात, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. एका पार्लरच्या जाहिरातीत आरशाच्या कडेला तिचं कोपर आहे. एका लग्नात तिचा हात आहे. रंग नीट यावेत म्हणून चित्रणाआधी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरतात, तो धरलेला हात, हिरव्या बांगड्या, आणि कागदामागून आवाज, "घ्या दादा." मग कागद बाजूला होतो आणि मागे नवरा मुलगा बसलेला दिसतो, ती नाही. तो तुकडा मी पुष्कळ वेळा पुढेमागे केला. काही वाटलं नाही. वाटायला हवं म्हणून पुन्हा केला.

मग ते धडे आठवले. ते लावले. पडदा, बाण आणि आवाज. "आता बघा दादा, ही पालखी. हिला मी चालवली. आता हिच्या सगळ्या जागा उचलायच्या… इकडे नको बघू, सॉरी, बघू नका… इकडे या." मधे खालच्या बेकरीवाल्याची हाक, मधे तिचं खोकणं. पांढरा बाण पडद्यावर इकडून तिकडे जात होता आणि माझ्या लक्षात आलं, की हा तिचा हात आहे. तोंड नाही, पण हात आहे, जसा हलला तसा. आणि मग, खरं सांगतो, मी काही मनाशी ठरवलं वगैरे नाही. हाताला काम पाहिजे होतं. विनयाच्या खुर्चीत बसलो आणि तिच्याच धड्याबरहुकूम तिच्या बाणाचा माग काढायला घेतला. चित्रातली एखादी हलती खूण संगणकाला दाखवली की तो तिच्या पाठोपाठ जातो आणि तिच्या जागा टिपत राहतो. त्या जागा एका रिकाम्या थरावर टाकायच्या, त्यांचा मार्ग करायचा, मार्गाला रंग द्यायचा. एवढंच काम. पण बाण पांढऱ्या खिडकीवर गेला की संगणकाचा माग चुकायचा, मग मी हाताने धरून पुन्हा जागेवर आणायचा. आणि सारखा चुकायचा तो उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, कारण बाण तिथे गेला की पडद्याखालून एक पट्टी वर यायची आणि सगळा घोळ व्हायचा. मी त्या कोपऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रोज दुपारी हे करत बसायचो. बायको म्हणाली, एवढं काय चाललंय? म्हटलं, माग काढतोय.

सगळ्या धड्यांच्या रेघा झाल्यावर मी खालचे पडदे काढून टाकले आणि नुसत्या रेघा एकावर एक ठेवल्या. काळ्यावर पांढरं. जे दिसलं त्याला सुंदर म्हणता येणार नाही, मांजर खेळलेल्या लोकरीसारखा गुंता. पण त्यात काही जागा दाट होत्या. वर डावीकडे अवजारांची जागा, तिथे दाट. मधोमध चित्राची. खाली खुणांची लांब पट्टी, तिथे तर कोष्ट्याने विणल्यासारखं. हे सगळं कामाचं, समजण्यासारखं. आणि एक जाड दोर मात्र सगळीकडून निघून उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात उतरत होता. तिथे कामाचं काहीच नसतं. मला वाटलं, माझीच चूक, संगणकाचा माग तिथेच चुकत होता ना. मी ते पुसायलाही घेतलं होतं.

ते पुसायचं राहिलं, कारण त्याच दुपारी संदेश आणि ऋतुजा आले. विनयाच्या वस्तू न्यायच्या होत्या. डबा, छत्री, खुर्चीच्या पाठीवरची शाल, टेबलाखालच्या चपला. संदेशने सगळं एका पिशवीत भरलं आणि गाडीत ठेवायला खाली गेला. ऋतुजा दारातच उभी होती. आईच्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. "ह्यां काय हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं, की आईने मला शिकवायला रेकॉर्डिंग केली होती, त्यात तिचा बाण जसा फिरला त्याची ही रेघ. ती पुढे आली. लहान मुलं पुस्तकात बघतात तसं तिने सगळीकडून बघितलं, बोट न लावता. मग त्या कोपऱ्यावर थांबली. "इथे काय हाय? आई इथे सारखी कशाला जायची?"

मी म्हणालो, बहुतेक माझं चुकलंय, आणि दाखवावं म्हणून एक मूळ रेकॉर्डिंग लावलं. आवाज बंद करायचा राहिला. विनया बोलायला लागली आणि ऋतुजाने खुर्चीची पाठ धरली. "…आता ह्या खुणांमधलं अंतर वाढवलं की पालखी हळू चालते, कमी केलं की पळते," आणि हे बोलता बोलता, वाक्य न तोडता, बाण सर्रकन खाली गेला. कोपऱ्यातून पट्टी वर आली. बाण तिथे क्षणभर थांबला आणि परत कामावर गेला. पट्टी खाली गेली. मी ते थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. इतके दिवस ती पट्टी हाताने बाजूला सारत होतो आणि तिच्यात काय आहे ते बघितलं नव्हतं. विनयाला खुणांसाठी जास्त जागा लागायची, म्हणून पडद्याच्या तळाची ती पट्टी तिने लपवून ठेवली होती. बाण तळाला टेकवला तरच ती वर यायची. आणि त्या कोपऱ्यात होतं घड्याळ.

ऋतुजाने पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ जाऊन त्यातली वेळ वाचली. पावणेपाच होते. मग मी पुढे नेलं. विनया खुणांबद्दल, रंगांबद्दल, माझ्या मठ्ठपणाबद्दल बोलत होती आणि बाण मधूनच खाली जात होता. पाच वाजले, पाच वाजून गेले, तसा तो जास्त वेळा जायला लागला. आवाजात घाई कुठेही नव्हती. इतकी वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसलो होतो, मला आवाजच तर ऐकू यायचा. दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. एका रेकॉर्डिंगमध्ये साडेपाच होऊन गेले. त्यानंतर मात्र बाण एकदाही खाली गेला नाही.

"गेली यष्टी," ऋतुजा म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"पण ती बघत होती."

"बघत होती."

ती तशीच खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिचा चेहरा अजिबात बदलला नव्हता, म्हणून मला आधी कळलंच नाही, की ती रडते आहे. आवाज न करता, तोंड न पुसता, पडद्याकडे बघत. मला तिच्या डोक्यावरून हात फिरवता आला असता. मी माउस धरून बसलो होतो, तो सोडला नाही. खालून संदेशने हॉर्न वाजवला. तिने फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काका, ह्यां मला द्या. आवाजाचा नको, तो आता नको. ती रेघ द्या. बाबांना सांगू नका काय हाय तां. मी सांगेन. आजीला पण मीच सांगेन." मी तिला पेनड्राइव्हवर ती रेघ दिली, त्या दाट कोपऱ्यासकट. पेनड्राइव्ह मुठीत धरून ती जिना उतरली. पिशवी बाबांनी नेली होती, ती तिने मागितलीही नाही.

एवढ्याने काही सिद्ध होतं, असं मी म्हणत नाही. माणूस दहा कारणांनी घड्याळ बघतो. विनयाला काम आवडायचं हेही खरंच आहे, कोणी नाही म्हणू नये. पण ऋतुजाचा परवा फोन आला होता, आजीने विचारलंय म्हणून सांगत होती, की तुमच्या चहाच्या वेळेला आई काय खायची? मी म्हणालो, खालचा पाव, तुपात. पलीकडे ते तिने आजीला सांगितलेलं ऐकू आलं. आजी म्हणाली, "घरी तूप नाय खायची ती." मग दोघी बराच वेळ त्यावरच बोलत राहिल्या आणि मी फोन धरून ऐकत राहिलो.

विनयाचं टेबल तसंच आहे. तिथे आता मी बसतो, कारण तो संगणक चांगला आहे, दुसरं काही नाही. तळाची पट्टी तिने लपवली होती तशीच ठेवली आहे. ती कायमची वर आणायला एक क्षण पुरेल, पण मी ते केलेलं नाही. मला खुणांना एवढी जागा लागत नाही, तरीही. दिवसभर मला वेळेची आठवण नसते. संध्याकाळी खाली पावाचा घाणा निघतो, गिऱ्हाइकांची जिन्यावर पावलं वाजायला लागतात, आणि माझा हात आपण होऊन खाली जातो, उजवीकडे, कोपऱ्यात. पट्टी वर येते. पाच वाजून दहा, पाच वाजून वीस… मग आणखी एकदा. मला कुठलीही गाडी पकडायची नसते. माझं घर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.